पानवाली, उंदीरवाली आणि शेऱ्याचा रकाना

सेवापुस्तक, पान पहिले. पदनाम: गंध व चव परीक्षक, श्रेणी दोन. (श्रेणी एकचे पद मंजूर असून आजतागायत भरलेले नाही.) विभाग: पाणीशुद्धीकरण केंद्र, प्रयोगशाळा. उंची: पाच फूट एक इंच. ओळखीची खूण: उजव्या नाकपुडीखाली तीळ. कर्तव्ये: नागरिकांस पुरविल्या जाणाऱ्या पाण्यास वास येत नाही व चव लागत नाही, याची दररोज सकाळी सात व दुपारी तीन वाजता खात्री करणे. सेवाकाल: एकतीस वर्षे, चार महिने. रजा: सर्दीकरिता एकूण दोनशे सहा दिवस, सर्व मंजूर. वर्तणूक: समाधानकारक. विशेष प्रावीण्य: निरंक.

हा मजकूर केंद्राच्या हेडक्लार्कांनी स्वहस्ते लिहिला होता. हेडक्लार्क खोटं लिहीत नसत, असं केंद्रावर मानलं जाई. ते फक्त कमी लिहीत.

बाईंना सगळे नाकबाई म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर. झाकलेल्या भांड्यातलं पाणी हलवून, झाकण बोटभर उचलून, त्या सांगायच्या की तीन नंबरचा गाळणहौद काल धुतलेला नाही, क्लोरीन सोडणाऱ्याने आज घड्याळाकडे न बघता नळ फिरवला आहे, आणि धरणात आठवड्याभरात शेवाळं वर येईल. शेवाळं आठवड्याभरात यायचं. मग तज्ज्ञांची समिती यायची, दोन दिवस राहायची, आणि शेवाळं आलं आहे असा निष्कर्ष काढून जायची.

बाईंचा रोजचा तक्ता छापील होता. रंग, गढूळपणा, वास, चव, शेरा, असे पाच रकाने. वासाच्या रकान्यात "नाही" लिहायचं, नाहीतर "आहे". "आहे" लिहिलं तर कसला ते सांगायचं: मातकट, कुजका, माशासारखा, औषधी. "चांगला" हा पर्याय नव्हता, आणि नव्हता तेच बरोबर होतं, कारण पाण्याला चांगला वास येऊ लागला तर तो जास्त काळजीचा विषय. थोडक्यात, बाईंनी एकतीस वर्षं चोर पकडले. कुणाला शाबासकी देण्याची सोय कामात नव्हती, आणि सवय लागली की माणूस ती घरीही घेऊन येतो. सून लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिला महिना तिला वाटायचं की सासूबाईंना आपल्या हातचं काहीच आवडत नाही. मग तिच्या लक्षात आलं की बाई जेवताना गप्प बसल्या म्हणजे ते प्रमाणपत्र असतं.

निवृत्तीनंतर बाई रीतसर सेवानिवृत्त कर्मचारी स्नेहसंघाच्या सभासद झाल्या. संघाला केंद्राच्या जुन्या टाकीमागची एक खोली मिळाली होती. तिथे चाळीस घडीच्या खुर्च्या, एक कपाट, एक सूचनाफलक, आणि शोभेला भिंतीवर टांगलेलं एक बंद पडलेलं दाबमापक. वर्षातून एकदा स्नेहमेळावा व्हायचा. दुपारी सहकुटुंब, सरबत आणि भाषणं. पाचनंतरचा कार्यक्रम पत्रिकेत "केवळ सभासदांसाठी" असा छापलेला असे. बाई सभासद होत्या. तरीही दरवर्षी साडेचार वाजता संघाचे चिटणीस जवळ येऊन आपुलकीने विचारत, "बाई, घरी जायला गाडी बोलावू का?" चिटणीस म्हणजे तेच पूर्वीचे हेडक्लार्क. पद गेलं, फायली गेल्या, पण विचारण्याची पद्धत गेली नव्हती.

बाईंना दारूचं आकर्षण होतं अशातला भाग नाही. त्यांना पाचनंतरच्या गप्पांचं होतं. त्या माणसांबरोबर त्यांनी पाळ्या केल्या होत्या, पूर पाहिले होते, फुटलेल्या नळांच्या चिखलात उभं राहून डबे खाल्ले होते. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी भेटून आदल्या संध्याकाळच्या गोष्टी सांगायचं, तेव्हा त्यात बाई नसायच्या. मुख्य जलवाहिनीत गटाराचं पाणी शिरलं होतं, ते बाईंनी वासावरून ओळखलं होतं. मेळाव्यातल्या गोष्टीत अलीकडे ते पंपवाला ओळखू लागला होता. पंपवाल्याचा स्वभाव चांगला होता, त्याने हे मुद्दाम केलं नसणार. पण रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बसतंच.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यानंतर बत्तीस सभासदांची डोकी दोन दिवस दुखली. यंदाच्या सर्वसाधारण सभेत या विषयावर अंदाजपत्रकापेक्षा जास्त चर्चा झाली, आणि एकमताने ठराव झाला: पेयाची खरेदी तज्ज्ञ चाचणीनंतरच, तज्ज्ञाच्या सहीच्या अहवालावरच करावी. पाण्याच्या खात्यातल्या लोकांना चाचणीशिवाय काही घशाखाली घालायला जड जातं. तज्ज्ञ कोण, हा प्रश्नच नव्हता.

त्याप्रमाणे एका सोमवारी सकाळी अकरा वाजता चिटणीस बाईंच्या दारात उभे राहिले. बरोबर साक्षीदार म्हणून पंपवाला. त्याच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन उभ्या वस्तू. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आख्ख्या जिन्याला कळलं होतं.

"बाई, संघाचं काम आहे."

"वर्गणी भरली आहे मी."

"वर्गणी नाही. चाचणी."

आतून सुनेने विचारलं, "आई, कोण आलंय?"

"चिटणीस आलेत. दारू घेऊन."

"बरं. चहा ठेवू की ग्लास काढू?"

चिटणिसांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि बाटल्यांवरचे कागद सोडले. दोन्ही व्हिस्की कॅनडाच्या, दोन्ही दुकानातल्या खालच्या फळीवरच्या. स्कॉच परवडत नाही आणि अगदी साधी घ्यायला लाज वाटते, अशा अधल्यामधल्या माणसांसाठी ही सोय असते. एकीच्या चिठ्ठीवर लाल पान होतं. दुसरीच्या चिठ्ठीवर एक चपट्या शेपटीचा, दात पुढे आलेला प्राणी बसला होता. पानाची बाटली थोडी महाग होती.

"पानवाली आणि उंदीरवाली," पंपवाला म्हणाला.

"उंदीर नाही तो," चिटणीस म्हणाले. "बीव्हर म्हणतात त्याला. तिकडे असतो. नदीवर बांध घालतो."

"बांध घालतो?" पंपवाल्याने बाटली आदराने फिरवून पाहिली. "मग खात्यातलाच म्हणायचा."

नमुने साक्षीदारासमक्ष सुपूर्द झाले, पोच लिहिली गेली, सह्या झाल्या. जाता जाता चिटणीस म्हणाले, "सावकाश करा. तसं पानवालीचं नाव मोठं आहे. तुम्हाला कळेलच."

"मला नाव हुंगता येत नाही," बाई म्हणाल्या.

बाटल्या कुठे ठेवायच्या यावर घरात अर्धा मिनिट विचारविनिमय झाला. "वरच्या फळीवर ठेवा," सून म्हणाली. "खाली ठेवल्यात तर तुमच्या चिरंजीवांना चाचणीत रस वाटायला लागेल."

पहिल्याच दिवशी बाईंच्या हातून चूक झाली, आणि ती पाण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. नियमपुस्तिकेत लिहिलं होतं: नमुना झाकणाच्या चंबूत घेऊन चाळीस अंशांपर्यंत तापवावा, जोरात हलवावा, झाकण काढून तत्काळ हुंगावा. ते पाण्यासाठी लिहिलेलं होतं. बाईंनी पानवाली चंबूत घेतली, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली, तापमापक चाळीसवर आल्यावर हलवली, आणि झाकण काढून तत्काळ हुंगली. नाकातून निघालेली कळ टाळूपर्यंत गेली. डोळ्यांना धारा लागल्या. पुढचे दोन दिवस बाईंना जगात कशालाच वास नव्हता. मंगळवारी दूध करपलं तेव्हा सुनेला ते त्यांना जाऊन सांगावं लागलं. या घरात हे पहिल्यांदाच उलट्या दिशेने घडत होतं.

"करपलं?" बाई म्हणाल्या. "हो का."

"आई, तुम्ही घाबरवू नका हं. संघाला सांगा, दुसरं कुणी बघा."

"दुसरं कोण आहे?"

श्रेणी एकचं पद रिकामंच होतं.

गुरुवारी नाक परत आलं. बाईंनी नियमपुस्तिकेतलं "चाळीस अंश" पेन्सिलीने कंसात टाकलं आणि नव्याने मांडणी केली. सहा सारखे पांढरे कप. व्हिस्कीएवढंच उकळून गार केलेलं पाणी, म्हणजे आगीचा मारा कमी होतो आणि खालचा वास वर येतो. प्रत्येक कपावर बशी. कुठल्या कपात काय आहे ते फक्त सुनेला ठाऊक. तिने कपांच्या बुडाला चिकटपट्टीवर आकडे लिहिले होते, आणि बाई हुंगत असताना ती ताकास तूर लागू न देता भाजी निवडत होती. तीन फेऱ्या झाल्या. अठरा कप. अठराही बाईंनी ओळखले.

पानवालीच्या कपाची बशी उचलली की पहिला वास भरभरून यायचा. व्हॅनिला, साखरेचा करपलेला पाक, केकच्या दुकानाचं दार उघडल्यावर अंगावर येते ती गोड ऊब. कुणालाही आवडेल. बाईंनी ती आवडून घेतली आणि पाच मिनिटं थांबल्या. पाच मिनिटांनी गोडवा पातळ झाला आणि खालून नखांचा रंग पुसायच्या द्रावणाचा वास डोकावला. जिभेवरही तेच. पुढे गोड, मध्ये रिकामं, घशात कडू चटका. रंग मात्र देखणा, जुन्या कपाटासारखा तांबूस. बाईंनी एक थेंब काचेवर वाळवला. बोट चिकटलं.

उंदीरवालीचा कप आधी काही बोलायलाच तयार नसे. नाक जवळ न्यावं लागे. मग सुताराने नुकताच रंधा फिरवलेल्या फळीचा वास, त्यामागून हिरव्या सफरचंदाच्या सालीचा, आणि मग तिखट काहीतरी: लवंग, मिरी. ते राय नावाच्या धान्याचं, असं बाईंनी बाटलीच्या मागच्या बाजूला वाचलं. राय म्हणजे गव्हाचा तापट चुलतभाऊ. जिभेवर ती पातळ होती, यात शंका नाही. लवकर संपायची. पण जाताना दार आपटून जात नव्हती, आणि पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने कपात जी होती तीच राहायची.

नियमाप्रमाणे चव घेऊन थुंकायचं असतं. दोन फेऱ्या बाई थुंकल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी नियमपुस्तिका मिटून ठेवली.

"मला पण द्या की एक," सून म्हणाली. "साक्षीदार म्हणून."

साक्षीदाराने दोन्ही चाखल्या आणि सांगितलं की पानवाली मला आधी आवडली आणि नंतर नाही, उंदीरवालीचं उलटं झालं. बाईंनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. मग बर्फ घालून बघितलं, कारण सभासद बर्फ घालणारच. बर्फात उंदीरवालीने मान टाकली. राहिलं ते थंड पाणी आणि लाकडाची आठवण. पानवाली बर्फाला आणि सोड्याला पुरून उरली. बाईंनी तेही टिपून ठेवलं. न आवडणाऱ्याचा गुण लपवणं ही सुद्धा खोटी नोंदच.

शेवटी विरळ करण्याची चाचणी. नमुन्यात निम्मं पाणी, मग त्याच्यात निम्मं, मग त्याच्यात, असं वास हरवेपर्यंत. उंदीरवालीचा वास चौथ्या पायरीला हरवला. पानवालीचा सातव्या पायरीलाही तग धरून होता.

इथे बाई अडल्या. पाण्याच्या हिशेबाने बघितलं तर वास म्हणजे दोष, म्हणून उंदीरवाली चांगली. दुकानदाराच्या हिशेबाने बघितलं तर वास म्हणजे माल, म्हणून पानवाली चांगली. दोन्ही हिशेब त्यांना चुकीचे वाटत होते, आणि तिसरा त्यांना कुणी शिकवला नव्हता. वास किती आहे हे मोजता येतं. तो चांगला आहे की नाही हे कुणाच्या तरी जबाबदारीवर म्हणावं लागतं.

तक्ता छापीलच वापरला. संघाकडे दुसरा नव्हता. रंग: दोन्ही मर्यादेबाहेर. गढूळपणा: नाही. वास: आहे. चव: आहे. या नोंदींनंतर तक्त्याच्या तळाशी निष्कर्ष आपोआप ठरतो, त्यावर खूण करण्यावाचून गत्यंतर नसतं. बाईंनी खूण केली: "दोन्ही नमुने पिण्यास अयोग्य."

राहिला शेऱ्याचा रकाना. तो त्यांच्या नोकरीत बहुतेक कोराच असायचा. बाई त्याच्यासमोर दुपारभर बसल्या. सून दोनदा डोकावून गेली. चारच्या सुमारास त्यांनी लिहिलं:

"पानवालीचा वास चढवलेला आहे. उंदीरवालीचा तिचा स्वतःचा आहे. सोडा किंवा बर्फ घालणार असल्यास पानवाली चालेल. नुसत्या पाण्यात उंदीरवाली सरस. ती पातळ आहे. वास चांगला आहे."

शेवटचे तीन शब्द लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

शुक्रवारी चिटणीस एकटेच आले. त्यांनी अहवाल उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला.

"बाई, हे 'दोन्ही अयोग्य' म्हणजे काय?"

"ते छापील आहे. मला खोडता येत नाही."

"आणि हा शेरा?"

"तो माझा आहे."

चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. "असं आहे, बाई. पानवालीच्या बारा बाटल्या सांगून झाल्यात. माझ्या व्याह्यांकडे एजन्सी आहे तिची. शब्द गेलाय. मुलगी आहे माझी त्या घरात."

"मग चाचणी कशाला करवलीत?"

"ठराव झाला ना." हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की बाईंना क्षणभर त्यांची कीव आली. मग चिटणिसांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. टंकलिखित. "पानवाली सर्व निकषांवर सरस आढळली." खाली रेघ, रेघेखाली बाईंचं पदनाम, श्रेणी दोनसकट. "काही नाही. फक्त एक सही."

बाईंनी हा कागद आधी पाहिला होता. म्हणजे हाच नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वी, पाहणीसाठी मोठी मंडळी येणार होती त्या दिवशी पाण्याला कुजका वास होता. बाईंनी तसं लिहिलं. हेच चिटणीस, तेव्हाचे हेडक्लार्क, दुसरा तक्ता घेऊन प्रयोगशाळेत आले. "वास: नाही." काही नाही, फक्त एक सही. बाईंनी केली होती. मुलगा लहान होता, बढतीची यादी निघायची होती, कारणं त्या वेळी पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. त्यानंतर काय झालं? काहीच झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही. कुणी तक्रार केली नाही. मोठ्या मंडळींनी दोन दोन ग्लास पाणी पिऊन केंद्राचं कौतुक केलं. बाईंना लागलं ते हेच. काही वाईट झालं असतं तर निदान आपल्या नाकाची गरज होती हे सिद्ध झालं असतं. त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं की केंद्राला नाक नको आहे, सही पुरते. आणि एकोणीस वर्षांत कधी न चुकलेली बाई, या एका सहीने बारा वर्षं रोज सकाळी सातला स्वतःशी चुकत राहिली. बढती मिळाली नाहीच.

चिटणीस वाट बघत होते. हा माणूस वाट बघण्यात तरबेज होता. मग ते जरा पुढे झुकले.

"आणि एक ठरवलंय मी. उद्या तुम्ही पाचनंतर थांबायचं. सगळ्यांबरोबर बसायचं. संघाच्या इतिहासात पहिल्या बाई. मी स्वतः तुमची खुर्ची मांडतो. फक्त हे एवढं मार्गी लागू दे."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

खुर्ची बाईंना हवी होती. किती हवी होती ते या माणसाला बरोबर ठाऊक होतं, म्हणूनच तर सहा वर्षं गाडी बोलावत होता.

"कुठली खुर्ची?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या रांगेतली," चिटणीस हसून म्हणाले. काम झालं असं त्यांना वाटलं. त्यांनी पेनाचं टोपण काढून दिलं.

बाईंनी पेन घेतलं. स्वतःचा तक्ता पुढे ओढला, त्यावर सही केली, तारीख घातली आणि तो चिटणिसांच्या हातात दिला.

"सभासदाला बसायचा हक्क आहे, संघाच्या घटनेत कलम सात. माझ्याकडे प्रत आहे. जी माझीच आहे ती खुर्ची तुम्ही मला कशी काय देणार? तक्त्याची पोच द्या."

"बाई, तुम्हाला नाकाने कांदे सोलायची सवय आहे."

"सवय नाही, नोकरी होती. पोच."

पोच मिळाली नाही. चिटणीस दोन्ही कागद घेऊन निघून गेले. त्यांच्या एका पायात बूट नीट गेला नव्हता, तो फटफटत जिना उतरताना ऐकू येत राहिला.

सून बाहेर आली. "गेली म्हणायची खुर्ची."

"कागद काढ," बाई म्हणाल्या. "आणखी एक तक्ता लिहायचा आहे. मूळ गेला तरी नोंद राहिली पाहिजे."

"मी लिहू? तुमचं अक्षर कुणाला लागत नाही."

"तू लिही. शेरा मी लिहिते."

शनिवारी बाई नेहमीची सुती साडी नेसून मेळाव्याला गेल्या. खांद्याला पिशवी होती, तिच्यात पाऊण भरलेली उंदीरवाली, कारण शिल्लक नमुना परत करावा असा नियम आहे. पानवालीचा शिल्लक नमुनाही होता. सूचनाफलकावर वर्गणीच्या यादीशेजारी त्यांनी चार टाचण्यांनी तक्ता लावला. दुपारची भाषणं झाली, सरबत झालं, कुटुंबं पांगली. साडेचारला चिटणीस जवळ आले.

"बाई, घरी जायला गाडी बोलावू का?"

"बोलवा," बाई म्हणाल्या. "नऊला."

आणि त्या बसल्या. पुढच्या रांगेत नव्हे, खिडकीजवळ, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात.

खोलीत जरा चुळबुळ झाली. चिटणिसांनी घसा साफ केला. "बाई, आपण सगळे एकाच कुटुंबातले. पण पाचनंतरचा कार्यक्रम पुरुष सभासदांचा असतो, ही प्रथा आहे."

"घटनेत दाखवा."

"प्रथा लिहिलेली नसते हो."

"मग मी वाचणार कशी?"

मागून गाळणहौदवाल्याने विचारलं, "काय चाललंय?" त्याला एका कानाने ऐकू येत नसे.

"नाकबाई बसल्यात," कुणीतरी त्याच्या दुसऱ्या कानात सांगितलं.

"मग? त्या असतातच ना दरवर्षी? मुख्य नळाच्या गोष्टीत आहेत की त्या."

"त्यातून काढलंय त्यांना," तिसरा म्हणाला. "आता त्यात हा आहे." आणि पंपवाल्याकडे बोट दाखवलं.

पंपवाला तोपर्यंत फलकापाशी पोचला होता. त्याने तक्ता मोठ्याने वाचायला घेतला. रंग, मर्यादेबाहेर. वास, आहे. चव, आहे. दोन्ही नमुने पिण्यास अयोग्य. एकतीस निवृत्त कर्मचारी अदबीने ऐकत होते. असा तक्ता ऐकताना बसायची त्यांची एक पद्धत होती. मग त्याने शेरा वाचला. "वास चांगला आहे" इथे तो थांबला आणि पुन्हा वाचला.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"सही आहे ना खाली."

"नाही, म्हणजे... चांगला?"

"चांगला."

पंपवाल्याने खोलीकडे वळून जाहीर केलं, "बाईंना वास आवडलाय." नोकरीतल्या कुठल्याही आदेशाने एवढी शांतता झाली नव्हती. चिटणीस म्हणाले की तज्ज्ञांचा अंतिम अहवाल वेगळा आहे आणि तो त्यांच्याकडे आहे. त्यावर सही कुणाची आहे, असं पंपवाल्याने विचारलं. चिटणिसांनी खिशाला हात लावला आणि तिथेच ठेवला.

मग बाटल्या उघडल्या. माणसं ग्लास घेऊन बाईंच्या खुर्चीशी येऊ लागली, हौदवाला पहिला. बाईंनी कुणाला पटवलं नाही. "सोडा घालणार असाल तर पानवालीच घ्या, तुमचं समाधान होईल. ही घ्यायची तर नुसतं पाणी, निम्मं निम्मं. बर्फ नको. आणि लगेच पिऊ नका, आधी हुंगा." माणसं हुंगत होती. एकाला सफरचंद सापडलं. एकाला लवंग सापडली नाही म्हणून तो पुन्हा रांगेत आला. बाईंच्या हातातही कप होता, आणि त्या थुंकत नव्हत्या.

सहाच्या सुमाराला पंपवाल्याने मुख्य नळाची गोष्ट सुरू केली. "तर त्या दिवशी मी सकाळी झाकण उचललं आणि म्हटलं, हे काही खरं नाही..."

"त्या दिवशी तू रजेवर होतास," बाई म्हणाल्या.

"मी?"

"तुझ्या मेव्हण्याचं लग्न होतं."

पंपवाल्याने आठवून बघितलं. "हो की," तो म्हणाला. "मग झाकण कोणी उचललं?"

बाईंनी सांगितलं. अर्धा तास सांगितलं. मध्ये कुणी बोललं तर त्या थांबल्या नाहीत. चिटणीस कपाटाशी उभे राहून पानवालीची दुसरी बाटली उघडावी की नाही याचा विचार करत होते.

मेळाव्याचं इतिवृत्त पुढल्या आठवड्यात चिटणिसांच्या अक्षरात नोंदलं गेलं. त्यात म्हटलं आहे: "सायंकालीन कार्यक्रम परंपरेनुसार पार पडला. तज्ज्ञ चाचणीअंती निवडण्यात आलेल्या पेयाबद्दल सर्व सभासदांनी एकमताने समाधान व्यक्त केले. एक महिला सभासद वाहनाच्या प्रतीक्षेत काही काळ उपस्थित होत्या."

उंदीरवाली सव्वासहाला संपली. पानवालीच्या बारापैकी दहा बाटल्या संघाच्या कपाटात अजून सीलबंद आहेत.